वरचा एक रुपया

“तुम्ही जगता कशावर?” नाईकनवरे सरांनी विचारलं.

“खुर्च्यांवर,” मी म्हणालो.

सोलापुरात दातांच्या एका दवाखान्याच्या डोक्यावर सरांचं ऑफिस होतं. बोर्डावर विमान काढलेलं, खाली ‘परदेश शिक्षण, पर्यटन व कायम वास्तव्य’. सरांच्या प्रत्येक प्रश्नानंतर खालच्या मजल्यावर कुणीतरी कण्हायचं, त्यामुळं मला वेगळं कण्हावं लागलं नाही.

सरांच्या हातात माझ्या बँक खात्याचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट होतं. ते पाऊण पानात संपलं होतं. त्यातल्या अर्ध्या ओळी बँकेच्याच होत्या. मेसेजचा आकार, कार्डाचा आकार, आणि शिल्लक कमी ठेवल्याबद्दल दंड.

“म्हणजे फर्निचरचं दुकान?”

“नाही. बार्शीत आमचं बिछायत केंद्र आहे. होनराव बिछायत केंद्र. लग्नाला खुर्च्या, गाद्या, पातेली, पाळणे भाड्यानं देतो. लोक बसतात, उठतात, पैसे देतात. रोख.”

“रोख साहेबाला दिसत नाही.”

“कुठल्या साहेबाला?”

“आयर्लंडच्या. तुम्ही दोन वेळ जेवता हे त्याला कळायचं कसं?”

मी स्वतःच्या पोटाकडं बघितलं. तिथंही ठोस पुरावा नव्हता.

“माझ्या दाजींनी सगळं पाठवलंय की,” मी म्हणालो. दाजींची फाइल माझ्या फाइलपेक्षा देखणी होती. पगाराच्या पावत्या, घराचा करार, आणि एक पत्र. त्यात लिहिलं होतं की, रेवणसिद्ध होनराव आमच्या घरी राहील, आमचंच जेवेल, तिकीटही आम्हीच काढू. वाचताना आपल्याला दत्तक घेतायत असं वाटत होतं.

“ते ठीक आहे. तिकडचा खर्च सुटला. पण ज्याच्या खात्यात इकडं काहीच नाही, तो परत कशाला येईल, असं साहेब विचारतो.” सर चष्म्यावरून बघायला लागले. “इथं कोण आहे तुमचं? आई-वडील?”

“नाहीत.”

“बायको?”

“नाही.”

“शेत? प्लॉट?”

“खुर्च्या.”

खाली कुणीतरी कण्हलं.

“बरं. जाण्याचं कारण काय लिहू?”

“बाळंतपण.”

सरांनी पेन खाली ठेवलं. “कुणाचं?”

“माझं नाही,” मी म्हणालो. कागदोपत्री काम होतं, गैरसमज नको.

त्याला आता बरीच वर्षं झाली. ज्या बाळंतपणासाठी हे चाललं होतं, त्यातली पोर आता शाळेत जाते आणि मला गणितातली कोडी घालते.

झालं होतं असं की, दिवाळीच्या आसपास आमची आई गेली. वडील त्याआधीच गेले होते. मागं राहिलो मी, माझी मोठी बहीण शिवलीला, आणि सहाशे खुर्च्या. शिवलीला, म्हणजे माझी अक्का, आयर्लंडात होती. खुर्च्या माझ्याकडं होत्या. घराची पुढची खोली, मधली खोली आणि जिन्याखालची जागा, सगळीकडं एकात एक घातलेल्या खुर्च्यांचे मनोरे. सहाशे जणांची बसायची सोय, आणि बसणारा मी एकटा. मीही जमिनीवरच बसायचो. भाड्याचा माल आपण वापरायचा नाही, हा वडिलांचा नियम होता. वडील गेले तरी नियम राहिला, कारण घरात मोडणारं दुसरं कुणी नव्हतं.

संक्रांत झाल्यावर अक्काचा फोन आला.

“रेवण, मला दिवस गेलेत.”

“अभिनंदन,” मी म्हणालो. मग काही सुचेना, म्हणून, “दाजींचंपण.”

ती हसली नाही. एरवी हसायची.

“त्यांच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. त्या काही येऊ शकत नाहीत,” ती म्हणाली. “आपली आई असती तर आली असती रे.”

“आली असती. आणि येताना अर्धं सामान खारीक-खोबऱ्याचं आणलं असतं.”

“तू येतोस?”

“मी? मी येऊन काय करू?”

“काही करू नकोस. इथं दिवसभर बोलायला माणूस नाही. तुझे दाजी बोलतात, पण ऑफिसचं बोलतात. पहिलं बाळंतपण माहेरचं असतं ना? माहेर नुसतं येऊन बसलं तरी चालेल.”

फोन ठेवल्यावर मी माहेर बघितलं. खुर्च्यांच्या मागं कपाटाचा आरसा होता, त्यात दिसलं. आमचं माहेर तेव्हा पाच फूट सहा इंच होतं आणि त्याला पोळी लाटता येत नव्हती.

म्हणून मी शेजारी नागरमावशींकडं गेलो. नागरमावशी म्हणजे आमच्या बोळाची हवा. खिडकी बंद केली तरी आत येणारी. नवरा लवकर गेला, मुलगा पुण्याला, नातू लग्नाला आलेला. आईची आणि त्यांची चाळीस वर्षांची मैत्री होती. त्यातली दहा भांडणात गेली होती, पण भांडतानाही एकमेकींची भाजी चिरून द्यायच्या.

“मावशी, डिंकाचे लाडू शिकवा.”

“कुणाला? तुला? कुणाला दिवस गेलेत?”

“अक्काला. मी बाळंतपणाला जाणार आहे.”

मावशींनी माझ्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलं. “तू बाळ धरशील कसं रे? खुर्ची धरतोस तसं?”

“दोन पाय पुढं, दोन मागं.”

“अगं आई गं,” मावशी म्हणाल्या आणि कढई चढवली.

दर आठवड्याला आम्ही लाडू करायचो. पहिल्या खेपेचे लाडू फुटले नाहीत, म्हणजे कशानंच फुटले नाहीत. मावशींनी एक दाराला अडसर म्हणून लावला. दुसऱ्या खेपेला डिंक करपला. तिसऱ्या खेपेला मावशी म्हणाल्या, “पाकाला तार सुटली की सांग.” मी म्हणालो, “ती सुटणार हे मला कसं कळणार?” त्या म्हणाल्या, “बघत बस. बघणाऱ्यालाच कळतं.” मी बघत बसलो. बऱ्याच दिवसांनी घरात कुणीतरी माझ्याशेजारी बसून एकाच गोष्टीकडं बघत होतं, मग तो पाक का असेना.

“व्हिसाचं काय झालं?” त्यांनी विचारलं.

“खात्यात पैसे दिसले पाहिजेत म्हणं.”

“दिसले पाहिजेत? असायला नकोत?”

“असले तरी चालतील.”

“किती?”

“आपण रिकामे नाही, एवढं वाटण्यापुरते.”

मावशी लाडू वळत राहिल्या. मावशी गप्प बसल्या तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

सरांच्या सांगण्यावरून मी त्या हंगामात सगळं भाडं बँकेत भरायला लागलो. बँकेतला कॅशियर मला पाहून आधी घाबरला, मग चहा मागवायला लागला. आणि चैत्र लागला तसा माझा फोन वेगळाच वाजायला लागला.

पहिल्यांदा वाजला तेव्हा मी कुर्डुवाडी रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात सतरंज्या टाकत होतो. कथले किराणावाल्यांकडून पाचशे एक रुपये जमा. सोबत संदेश : ‘शुभ प्रवास’. मला वाटलं चुकून आले. जेवणाची पंगत बसेपर्यंत दोनशे एक्कावन्न आले, पिठाच्या गिरणीवाल्या बागलांकडून : ‘तिकडं थंडी असते म्हणं. स्वेटर घे.’ मग एकशे एक, बोळाच्या तोंडाशी बसणाऱ्या चांभार काकांच्या मुलाकडून : ‘बाबांनी सांगितलं म्हणून.’ मग अकराशे एक, ज्यांच्याशी आमचं भिंतीवरून भांडण होतं त्या घोंगडेंकडून. संदेशात नुसतं ‘भिंत तशीच आहे’ असं होतं.

संध्याकाळी मी थेट मावशींच्या उंबऱ्यावर.

“मावशी, काय केलंत हे?”

“मी काय केलं? लोकांनी आहेर केला.”

“आहेर? कार्य कुठंय?”

“तेच तर!” मावशी उखडल्या. “तुमच्या घरात कार्यच होईना. शिवलीलानं पुण्यात कोर्टात लग्न उरकलं. तुझं काही हालत नाही. आणि तुझी आई? गावात एक लग्न सोडलं नाही तिनं. पाकीट घेऊन पहिल्या रांगेत. कथल्यांच्या दोन्ही पोरींना, बागलांच्या पोराला, भांडण असताना घोंगड्यांच्या सुनेला. लोकांनी ते कुठं फेडायचं? तुझ्या घरी मांडव कधी पडतोय म्हणून वाट बघून म्हातारी झाली माणसं. शेवटी मीच म्हणलं, पोरगं विमानात बसायलंय, हेच कार्य धरा.”

मला हसू आलं. बार्शीतल्या प्रत्येक लग्नात मी असायचो, पण मागच्या दारानं. वऱ्हाड जेवून उठेपर्यंत मी बाहेर टेम्पोत. आई मात्र पुढच्या दारानं जायची. आम्ही दोघं एकाच लग्नाला जायचो आणि आत एकमेकांना भेटायचो नाही.

वैशाखात मी नवं स्टेटमेंट घेऊन सरांकडं गेलो. आता ते चांगलं जाडजूड होतं. सरांनी पान उलटलं. अजून एक उलटलं. चष्मा काढून पुसला.

“हे काय आहे?”

“लोक.”

“लोक असे कुणाच्याही खात्यात पैसे टाकत नाहीत.”

“बार्शीत टाकतात.”

“आणि हे सगळीकडं शेवटी एक का आहे? पाचशे एक, अकराशे एक. एखादी टोळी खुणेचे पैसे पाठवते तसं दिसतंय.”

“आहेर आहे, सर. शुभ असतं.”

“ते तुम्हाला आणि मला माहितेय. साहेबाला कोण सांगणार?” पण अक्काचे दिवस भरत चालले होते आणि थांबायला वेळ नव्हता. सरांनी अर्ज पाठवला. पाठवताना त्यांनी पाकिटाला नमस्कार केला. व्हिसाच्या धंद्यातला माणूस पाकिटाला नमस्कार करतो, हे बघून माझा धीर सुटला.

ज्येष्ठ संपता संपता उत्तर आलं. हंगाम संपला होता, सगळ्या खुर्च्या घरी परतल्या होत्या. दोन मनोऱ्यांच्या मधल्या बोळकांडीत उभं राहून मी पत्र वाचलं. नकार होता. कारणं दोन. एक, खात्यात अनेक व्यक्तींकडून जमा झालेल्या रकमांचा खुलासा केलेला नाही. दोन, अर्जदाराला मायदेशी परत आणतील अशी बंधनं पुरेशी दिसत नाहीत.

दुसरं वाक्य मी पुन्हा वाचलं. इंग्रजी सोपं होतं. आईच्या माघारी हे मला रोज कळत होतंच, पण कुणी सही करून लेखी दिलं नव्हतं.

अक्काला फोन लावला.

“नाही म्हणाले.”

“का?”

“मी परत जाणार नाही म्हणतात.”

“असं कसं?”

“इथं माझं कुणी नाही म्हणतात.”

ती म्हणाली, “त्यांना काय माहीत?”

“चौकशी केली असणार,” मी म्हणालो.

या वेळी ती हसली, पण ते हसणं मध्येच मोडलं आणि तिनं फोन दाजींकडं दिला. दाजी ऑफिसचं बोलले.

सरांनी सांगितलं की अपील करता येतं. पण आधी ते पैसे परत करून टाका, खातं स्वच्छ दाखवू. म्हणून मी कथल्यांच्या दुकानात गेलो.

“काका, तुमचे पाचशे एक परत करायचेत.”

कथलेकाका साखर तोलत होते. तागडी तशीच लोंबकळत राहिली. “का? आम्ही तुझं काय वाईट केलं?”

“वाईट नाही. तो साहेब...”

“साहेब गेला खड्ड्यात. आहेर परत करतोस? माझ्या पोरींच्या लग्नातला तुझ्या आईचा आहेर पण परत नेऊन देऊ का तुझ्या दारात? हो बाहेर.”

दुकानात गिऱ्हाइकं होती. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी पोह्यांचा पुडा उचलून पैसे दिले आणि गिऱ्हाईक म्हणून बाहेर पडलो, म्हणजे जरा मान राहिला. बागलांनी गिरणी चालू करून मला ऐकू येत नसल्यासारखं केलं. घोंगडे म्हणाले, “भिंतीचं मिटवायचं नसेल तर दे परत.”

शेवटी मी मावशींकडं जाऊन बसलो.

“कुणीच घेईना.”

“घेणार कसं? बरं, माझे दे. पाचशे दे परत.”

“तुम्ही पाचशे एक दिले होते.”

“रुपया नाही घेणार मी.”

“एका रुपयाचं मी काय करू?”

“ठेव. नुसते पाचशे दिले असते तर हिशोब मिटला असता. तू तुझ्या घरी, मी माझ्या घरी. वरचा रुपया घातला की यायचं-जायचं शिल्लक राहतं. आता माघात माझ्या नातवाचं लग्न काढायचंय. तू इथं नसलास तर तुमच्या घरचा आहेर कोण आणणार? तुझी आई काय वरून टाकणार?”

“पोस्टानं पाठवीन.”

“पोस्टानं!” मावशींनी कपाळाला हात लावला. “रेवण, आहेर हातात द्यायचा असतो रे. तोंड दाखवून. अक्षता टाकून, जेवून, नावं ठेवून जायचं असतं.”

मी उठलो. पायात चप्पल घालताना उलटसुलट झाली. बार्शीहून सोलापूरला जाणारी एसटी तेवढ्यात मिळाली आणि मी वाटेत एकही विनोद सुचू दिला नाही.

“सर, लिहा,” मी म्हणालो. “मी मराठीत सांगतो, तुम्ही इंग्रजीत टाका.”

“खुलासा कशाचा? पहिल्या मुद्द्याचा की दुसऱ्या?”

“दोन्हींचा एकच आहे.”

सरांनी कॉम्प्युटर जवळ ओढला. मी उभ्यानं सांगायला लागलो.

साहेब, माझ्या खात्यातल्या या रकमा उसन्या नाहीत. माझी आई हयात असताना गावातल्या लग्नांत आहेर करायची. आमच्या घरी मांडव पडला नाही म्हणून लोकांनी तो माझ्या प्रवासाला फेडला. आमच्याकडं आहेर घेतला की तो घेणाऱ्यावर बसतो. ज्यांनी ज्यांनी पैसे पाठवले त्यांच्या घरात लग्नाला आलेली, लग्नाला येणारी आणि नुकतीच बसायला लागलेली मुलं आहेत. त्यांची नावं जोडली आहेत. या प्रत्येक लग्नाला मला स्वतः हजर राहून, आलेल्यापेक्षा थोडी जास्त रक्कम, वर एक रुपया घालून, हातात द्यायची आहे. पोस्टानं चालत नाही. गेलो नाही तर आईनं चाळीस वर्षं पाळलेला शब्द माझ्याकडून मोडला असं होईल. यांतलं सर्वांत लहान मूल बागलांचं आहे. त्याला अजून दात नाहीत. त्याचं लग्न लागेपर्यंत मला बार्शी सोडून कायमचं कुठंही जाता येणार नाही. तरी मला बहिणीच्या बाळंतपणाला जाऊन परत येऊ द्यावं.

टाइप करता करता सर थांबले. “हे साहेबाला कळेल?”

“त्याच्याकडंही लग्नं होत असतील.”

सर पुन्हा टाइप करायला लागले. मग स्क्रीनकडं बघतच म्हणाले, “माझ्या मुलाचं झालं दोन वर्षांपूर्वी. परदेशात. मी फोनवर बघितलं, इथं, याच खुर्चीत.”

“तुम्ही गेला नाहीत?”

“व्हिसा नाकारला.”

“तुमचा?”

“याच मुद्द्यावर.”

खाली कुणीतरी कण्हलं. त्या दिवशी सरांनी माझ्याकडून फी घेतली नाही, आणि मी निघताना विचारलं, “तो मांडव कसा होता?” तर म्हणाले, “खुर्च्यांना कापडं बांधलेली होती. पांढरी.” इतकं त्यांनी बघून ठेवलं होतं.

अपिलाचं उत्तर काही आलं नाही. बाळ आलं. आषाढात, मी दुपारी ताटात खिचडी घेऊन जमिनीवर बसलेलो असताना. मुलगी. दाजींनी फोटो पाठवला. नाक आमच्या आईचं होतं. मी फोटो मोठा करून करून बघितला. शेवटी पडद्यावर नुसतं नाक राहिलं. मग खिचडी गार झाल्याचं लक्षात आलं.

“बारसं आपण करायचं,” नागरमावशी म्हणाल्या.

“बाळ तिकडं, बाळंतीण तिकडं. बारसं कसलं?”

“माहेर इकडंय ना? मग. पाळणा आहे का तुझ्याकडं भाड्याचा?”

पाळणा होता. बाराव्या दिवशी मी घरातल्या खुर्च्या बाहेर काढल्या आणि आमच्याच बोळात मांडल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी खुर्च्या मांडल्या आणि टेम्पो आणला नाही. पाळण्याला झेंडूच्या माळा लागल्या. आत मऊ दुपटं, दुपट्यावर उशी, उशीवर माझा फोन. फोनमध्ये अक्काच्या खोलीत झोपलेलं बाळ. चार्जरची वायर पाळण्यातून खाली येऊन घोंगड्यांच्या भिंतीवरून त्यांच्या घरात गेली होती. आमच्या घरची वीज त्याच दिवशी गेली होती.

पाळणा हलवला की चित्र अडकायचं. म्हणून हलवायचा नाही, नुसती दोरी धरायची, असं ठरलं. बायका पाळणा म्हणायला लागल्या. आवाज तिकडं उशिरा पोचायचा, त्यामुळं आमचं कडवं संपल्यावर बाळ दचकायचं. मावशींनी फोनला तोंड लावून नाव सांगितलं, “गिरिजा.” आईचं नाव. सगळ्यांनी कुर्रर्र केलं. तिकडून अक्काचा आवाज आला, “मावशी, तुमचा नुसता कानच दिसतोय.”

मी केलेले लाडू वाटले गेले. कथलेकाका एक चावून म्हणाले, “बाळंतिणीचे लाडू आम्ही खायचे?”

“तिच्या वतीनं.”

“बरा झालाय. दात शाबूत आहेत.”

मग लोक उठून पाळण्यापाशी यायला लागले. प्रत्येकानं पाकीट आत ठेवलं. रीतच आहे, पाळण्यात ठेवायचं. थोड्या वेळानं फोनमधून अक्का ओरडली, “रेवण! अंधार झाला! काही दिसत नाही.”

“आहेर आलाय,” मी म्हणालो आणि पाकिटं बाजूला सारली.

मी भिंतीशी उभा होतो. कार्य असलं की मी भिंतीशीच उभा असतो. मावशींनी बघितलं.

“तू का उभा? बस की.”

“भाड्याचा माल आहे.”

“आज भाडं कोण द्यायलंय? तुझंच कार्य आहे ना?”

सगळे बघत होते. मी बसलो. त्या खुर्चीचा एक पाय आखूड होता. इतक्या वर्षांत एकाही माणसानं तक्रार केली नव्हती.

व्हिसा पुढं मिळाला, मार्गशीर्षात. अपील मान्य, एवढंच लिहिलं होतं. मी गेलो. गिरिजा मला बघून रडायची. फोनमधला छोटा मामा तिला चालायचा, हा सबंध मामा जास्त व्हायचा. अक्का तोवर तिथल्या बायकांत मिसळली होती, तिच्याकडं बोलायला माणसं होती. मी तीन आठवडे राहिलो, भांडी घासली, लाडू केले, आणि ठरल्या दिवशी परतलो. माघात मावशींच्या नातवाचं लग्न होतं. पुढच्या दारानं गेलो.

पण जिची मला आठवण येते ती बारशाची संध्याकाळ. सगळे पांगले होते. बोळात रिकाम्या खुर्च्या, लाडवाचा चुरा, आणि मधोमध पाळणा. फोन घ्यायला म्हणून मी वाकलो आणि पाकिटं उचलली. फोन चालूच होता. अक्का तो बंद करायला विसरली होती. तिकडं दुपार होती. पडद्याच्या एका कोपऱ्यात तिचा खांदा दिसत होता, दुसऱ्या कोपऱ्यात गिरिजाची मूठ. दोघी झोपल्या होत्या. कान जवळ नेला तर श्वास ऐकू येत होता, एक मोठा, एक लहान.

मी फोन होता तसा उशीवर ठेवला.

प्लास्टिकची खुर्ची दुसरीत टाकली की ठाप्प असा आवाज होतो. त्या आवाजावरूनच वडील घरात बसून सांगायचे, किती उरल्या. त्या दिवशी मी एकेक खुर्ची दोन्ही हातांनी उचलली, खालच्या खुर्चीवर धरली आणि आवाज न करता आत सोडली. बाळाला धरतात तशी, असं मावशी म्हणाल्या असत्या. दिवेलागण झाली तरी थोड्या उरल्या होत्या. घोंगड्यांच्या घरातून कुणीतरी विचारलं, “वायर काढू का रे?” मी हातानंच नको म्हणालो.

माहेर नुसतं येऊन बसलं तरी चालेल, असं अक्का म्हणाली होती.

आखूड पायाची खुर्ची मी शेवटी ठेवली होती. ती उचलून पाळण्याजवळ आणली आणि बसलो.